गारा, बग्गी आणि वाफसा

काळ्या मातीच्या गावात वाढलेल्या माणसाला "चिकटणे" या क्रियापदाचा अर्थ शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात वावरात दहा पावलं टाका, चप्पल पाव किलोनं जड होते. वीस पावलांनी ती चप्पल राहतच नाही, नुसता गोळा होतो. मग एक तर चप्पल हातात घ्यायची किंवा काडी शोधायची. आमच्या अनसिंगला चिखलाला 'गारा' म्हणतात आणि गाऱ्यातून चालणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. पुण्यात राहून ते विसरत चाललोय, ती गोष्ट वेगळी!

तर आजचा विषय आहे रिमोटवरची बग्गी ओल्या ट्रॅकसाठी तयार करणे. शनिवार-रविवारी माझं दुसरं काय चालतं, म्हणा. पण या वेळचा ट्रॅक पुण्यातला नव्हता, आमच्या वावरातला होता. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या गावातल्या, पावसानं भिजलेल्या काळ्या मातीचा.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बग्गी म्हणजे बाजारात मिळणारं रिमोटचं खेळणं नव्हे. माझी गाडी खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची आहे, चारही चाकांना ताकद जाते, प्रत्येक चाकाला तेल भरलेला शॉक ॲब्सॉर्बर आहे, पुढे-मागे डिफरन्शियल आहे. प्रत्येक स्क्रू खोलता येतो आणि प्रत्येक गोष्ट बदलता येते. जपानच्या तामियानं १९७९ साली पहिल्या ऑफ-रोड बग्ग्या बाजारात आणल्या, १९८५ साली अमेरिकेत एक-दशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि मासामी हिरोसाका नावाच्या जपानी गड्यानं पुढे या खेळात चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली. म्हणजे बायको नसलेल्या आयटीवाल्यांचा हा टाइमपास नाही, त्याला मोठी परंपरा आहे. :)

या छंदातलं अर्धं सुख गाडी चालवण्यात आणि अर्धं 'सेटअप' करण्यात आहे. कोणतं टायर, किती घट्ट तेल, किती उंची. ओल्या ट्रॅकसाठी जो सल्ला वाचायला मिळतो त्याचा रोख बहुतेक एकाच गोष्टीवर असतो: ग्रिप कशी वाढवायची. पाऊस पडला, ट्रॅक घसरडा झाला, तर मऊ टायर लावा, सस्पेन्शन मऊ करा. बरोबर आहे ते. पण काळ्या मातीत घसरणं हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न चिकटण्याचा.

का चिकटते? आपल्या पायाखालचा दगड बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून जी माती झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे अतिसूक्ष्म थर असतात आणि पाणी थेट त्या थरांच्या मधे शिरतं. माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे खनिज इतकं बारीक असतं की मूठभर मातीत अफाट पृष्ठभाग भरलेला असतो आणि तो सगळा पृष्ठभाग टायर, चेसिस, चप्पल, जे भेटेल त्याला धरून बसतो. वाळूचा चिखल वाळला की झटकला जातो. हा वाळला की विटेसारखा होतो.

२०२४ च्या श्रावणात जोडून सुट्टी घेऊन घरी गेलो तेव्हा बग्गी बॅगेत होती. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी वाशीम, तिथून काळीपिवळी. आईनं बॅगेतून कपड्यांऐवजी चाकं निघताना पाहिली आणि कपाळाला हात लावला. ट्रॅकची जागा पुतण्यानं आधीच हेरून ठेवली होती: वावराच्या कोपऱ्यातलं जुनं खळं. आता सोयाबीन थ्रेशरमधून निघतं, खळं कोणी करत नाही, त्यामुळे ती जागा मोकळीच असते. चुन्याच्या फक्कीनं साधारण चाळीस मीटरचा वेडावाकडा गोल आखला. रात्री झड लागली होती. म्हणजे सगळं मनासारखं.

इंजिनिअर असल्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मोजायचं काय? लॅप टाइम तर मोजायचाच, पण मला दुसरा आकडा हवा होता: पाच फेऱ्यांनंतर गाडीला किती माती चिकटली. किराणा दुकानातला वजनकाटा तासाभरासाठी मागून आणला. दुकानदार काकांनी "पोरगं पुण्याले जाऊन बिघडलं" अशा नजरेनं पाहिलं, पण काटा दिला.

पाण्याचा बंदोबस्त आधी केला. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड झिप टायनं आवळलं. जुनी युक्ती आहे, पण आजही चालते. अँटेना नळीतून उभी वर काढली, कारण हल्लीचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ओली माती त्या लहरी गिळते. सर्व्होच्या सांध्यांना सिलिकॉन ग्रीस. मोटर ब्रशलेस, सेन्सर नसलेली, तिच्या तारांवर इनॅमलचा थर असतो म्हणून पाण्याचं विशेष भय नाही, फक्त बेअरिंगना नंतर तेल द्यायचं. स्पीड कंट्रोलर वॉटरप्रूफ होता, पण त्याच्यावरचा छोटा पंखा तसा नसतो, तो काढून ठेवला. लिथियम पॉलिमर बॅटरी मात्र ओली झाली तर पूर्ण कोरडी केल्याशिवाय आणि नीट तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. हा नियम पुतण्याला तीनदा म्हणायला लावला.

आता आकडे. कोरड्या ट्रॅकच्या सेटअपमधे गाडी १ किलो ७२० ग्रॅम. पाच फेऱ्यांनंतर २ किलो ३१०. म्हणजे ५९० ग्रॅम माती! स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पहिली फेरी १४ सेकंदांची, पाचवी २१ ची. हा पाया धरला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. दर वेळी गाडी धुवायची, पुसायची, पाच फेऱ्या, काटा.

पहिला बदल उंची. शॉकवरच्या कॉलर फिरवून चेसिस जमिनीपासून २२ मिलिमीटरवर होतं ते ३० वर नेलं. पोट घासलं नाही की खालून माती भरत नाही. चिकटलेली माती ४९० ग्रॅमवर आली.

दुसरा बदल टायर. कोरड्यात चालणारे बारीक, दाट दाण्यांचे टायर इथे दोन फेऱ्यांत लिंपून गुळगुळीत होतात. त्याऐवजी लांब आणि विरळ दाण्यांचे लावले. दाणा लांब असला की जमिनीवर वाकतो, वर आला की झटक्यानं सरळ होतो आणि माती फेकतो. विरळ असल्यानं मधे पूल बांधायला मातीला आधार मिळत नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखं केजव्हील लावतात, तत्त्व तेच: चिखलाला आरपार जाऊ द्या. आकडा आला ३२०.

तिसरा बदल सगळ्यात स्वस्त. गाडीत जिथे जिथे पोकळी आहे, म्हणजे सस्पेन्शनच्या आर्मच्या आतल्या खाचा, मागच्या टॉवरच्या मागची जागा, तिथे फोम कापून बसवला. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम, जो पाणी पीत नाही तो. गादीचा स्पंज नको, तो पाणी पिऊन उलट जड होतो. जागाच भरलेली असली की माती बसणार कुठे? १९०.

चौथा बदल चेसिसच्या खाली आणि फोमवर सिलिकॉन तेलाचा पातळ हात. १४० ग्रॅम.

बाकीचं सेटअप पुस्तकातलं: शॉकचं तेल एक पायरी पातळ, स्प्रिंग मऊ, मागचा अँटी-रोल बार काढला, डिफरन्शियलमधलं तेलही पातळ केलं म्हणजे वळणावर गाडी शेपूट टाकत नाही. पिनियन दोन दात लहान, कारण चिखलात मोटर जास्त वजन ओढते आणि तापते. टॉप स्पीड कमी झाला, पण इथे टॉप स्पीड लागतो कोणाला?

आणि चालवण्याची रीत. चिखल दिसला की सगळे हळू जातात. पण माती चाकावरून सुटते ती वेगानं, आणि तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशोब करून पाहिला: माझ्या चाकाचा व्यास साडेआठ सेंटिमीटर. ताशी २० किलोमीटरला टायरवरच्या मातीला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ७४ पट जोर बाहेर ढकलतो. ताशी १० ला तोच जोर फक्त १८-१९ पट. म्हणून वळणातही थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, चाक फिरतं ठेवायचं. थांबली की चिकटली.

हे सगळं होत असताना बाबा धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभे होते. बाबा त्रेसष्ट वर्षांचे आहेत, बोलतात कमी. तिसऱ्या वजनानंतर जवळ आले, फोम बोटानं दाबून पाहिला.

"हे बरं केलं," म्हणाले. "आमी सायकलीचे मडगार्ड काढून टाकत होतो पावसाळ्यात. गारा मडगार्डात भरला का चाकच फिरे ना. लोकं म्हणत, मडगार्ड तं गाऱ्यासाठीच असते. म्हटलं, ते तुमच्या पुण्याच्या गाऱ्यासाठी."

मग त्यांनी सांगितलं की वखराच्या पाशीला माती धरू नये म्हणून ते पास घासूनपुसून लखलखीत ठेवायचे, गंज चढू द्यायचे नाहीत, कारण गंजलेल्या लोखंडाला माती आधी धरते. माझ्या सिलिकॉन तेलाचा हा आजोबाच झाला. "माती धरून ठेवाची नाही, सोडाची," एवढं बोलून ते पावडं आणायला गेले.

परत आले ते ट्रॅकच्या वरच्या अंगानं एक सरी ओढायला लागले. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या, मी करतो." त्यांनी ऐकलं नाही. वीतभर खोल सरी, उताराला तिरपी, शेवट धुऱ्याच्या नालीत. मग ट्रॅकची मधली माती थोडी वर ओढून दोन्ही बाजूंना उतार दिला. मी बघत राहिलो, कारण हे मी कुठेतरी चित्रात पाहिलं होतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२ साली सुरू झाली, तिनं काळ्या मातीसाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत विकसित केली. पीक वरंब्यावर, जादाचं पाणी सरीतून बाहेर. आता त्याचं बीबीएफ नावाचं पेरणीयंत्र आपल्याकडे सोयाबीनला वापरतात. बाबांनी आमच्या रेस ट्रॅकला बीबीएफ करून टाकलं होतं.

"आता काय करायचं?" पुतण्यानं विचारलं.

"आता काईच नाई कराचं. वाफसा येऊ द्याचा."

वाफसा! हा शब्द इंग्रजीत एका शब्दात सांगता येईल असं मला वाटत नाही. पाऊस थांबल्यावर मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी निघून जातं आणि तिथे हवा येते, बारीक पोकळ्यांमधे मात्र पाणी टिकून असतं. ना चिखल, ना ढेकूळ. मुळांना हवा आणि पाणी दोन्ही मिळतं. पेरणी, डवरणी, सगळं वाफशावर. हलक्या जमिनीत तो लवकर येतो, भारी काळीत उशिरा, आणि ऊन कडक असलं तर आला कधी आणि गेला कधी कळतही नाही.

बाबांची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा, कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. चपटा झाला तर अजून ओल जास्त. गोळाच झाला नाही तर वेळ गेली. पडून फुटला, तर वाफसा. सेन्सर नाही, ॲप नाही. त्यांनी त्या दुपारी एक गोळा टाकला, तो भाकरीसारखा चपटा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकला, कडेनं चिरला. तिसऱ्या दिवशी सकाळी फुटला.

मग मी एक शेवटचा प्रयोग केला. सगळं जुनं सेटअप परत लावलं: बारीक दाण्यांचे टायर, २२ मिलिमीटर उंची, फोम नाही, तेल नाही. पाच फेऱ्या. काटा: १ किलो ७३५ ग्रॅम. पंधरा ग्रॅम माती. आणि फेरी १३ सेकंदांची, कोरड्या धुळीपेक्षा मस्त ग्रिप!

म्हणजे दोन दिवसांच्या माझ्या मेहनतीनं ५९० चे १४० झाले आणि एका सरीनं व दोन दिवसांच्या थांबण्यानं १५. आता कोणी म्हणेल, रेसची वेळ थांबते का? नाही थांबत. म्हणून दोन्ही लागतं. पाऊस पडत असताना शर्यत असेल तर फोम आणि लांब दाणे, हातात वेळ असेल तर सरी आणि धीर. पेरणीचंही असंच असतं असं बाबा म्हणाले. वाफसा यायच्या आधी पेरलं तर बी दडपतं, वाट पाहिली आणि ओल उडाली तर उगवत नाही. त्यांनी दुबार पेरण्या केल्या आहेत. आपल्याकडे प्रॉडक्शनवर चुकीचा बिल्ड गेला तर रोलबॅक असतो. तिकडे रोलबॅक म्हणजे पुन्हा बियाणं विकत घेणं.

रविवारी पोरांनी शर्यत लावलीच. माझी बग्गी पुतण्याच्या हातात आणि समोर बाजारातल्या दोन खेळण्यातल्या गाड्या, ज्यांना पोरांनी सुतळी गुंडाळून 'चिखलाचे टायर' केले होते. नेमकी दुपारी सर आली. एक सुतळीवाली तिसऱ्या फेरीत गाऱ्यात बसली. दुसरी इतकी हलकी होती की साय चाटत जावी तशी वरवर गेली आणि पुतण्याला शेवटच्या वळणापर्यंत घाम फोडला. सुतळीचा अभ्यास मी पुढच्या वेळी करणार आहे.

त्या संध्याकाळी गाडी धूत बसलो होतो तेव्हा बाबा म्हणाले, "पुढच्या सालापासून वावर मक्त्यानं देतो. गुडघे ऐकत नाईत आता."

मला माहीत होतं हे येणार. बैलजोडी दोन वर्षांपूर्वीच गेली. मी पुण्यात, भाऊ वाशीमला नोकरीत. हिशोबानं पाहिलं तर बरोबरच आहे. मी "बरं" म्हटलं. पण ब्रश हातातच राहिला. वावर मक्त्यानं देता येतं, कागद करता येतो, पैसे ठरवता येतात. खालच्या कोपऱ्यात वाफसा वरच्यापेक्षा दोन दिवस उशिरा येतो, हे कागदावर कुठे येणार? ते बाबांच्या पायांना माहीत आहे. नागपूरला मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आहे, अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, दोघांकडे आपल्या भागाच्या मातीबद्दल भरपूर माहिती आहे. पण आमच्या पाच एकरांच्या खालच्या कोपऱ्याबद्दल माहिती असलेला माणूस एकच.

आमच्या छंदात सेटअप शीट असते. एका पानावर सगळं लिहायचं: ट्रॅक कसा, ओल किती, कोणतं टायर, कोणतं तेल, उंची किती. पुढच्या वेळी त्याच ट्रॅकवर गेलात की शून्यापासून सुरुवात नको. माझ्याकडे कोरं पान होतं. वरचा 'टायर' आणि 'शॉक' खोडला आणि म्हटलं, "बाबा, सांगा. खालचा कोपरा."

"कायले लिहितं ते?"

"ज्याला वावर द्याल त्याला द्यायला."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग सुरू झाले. खालचा कोपरा: दोन दिवस उशिरा, तिथे तुरीची ओळ धरायची नाही, उभळते. विहिरीकडची पट्टी: माती हलकी, वाफसा लवकर, डवरणी तिथून सुरू करायची. धुऱ्याची नाली मृगाच्या आधी उपसायची, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं आणि भांडण होतं. बाभळीजवळ चुनखडीचा पट्टा, तिथे सोयाबीन पिवळं पडतं. आई मधेच येऊन एक-दोन गोष्टी दुरुस्त करून गेली, कारण निंदणाला वर्षानुवर्षं ती गेली आहे. कुठे कुंदा जास्त आणि कुठे हरळी, हे तिनं सांगितलं. बाबा गप्प बसून ऐकत होते. पान संपलं, पाठीमागे लिहिलं, मग पुतण्याच्या वहीची तीन पानं फाडली.

साडेचार पानं झाली. टाइप करून ठेवली आहेत. एक प्रत बाबांकडे, एक माझ्याकडे, एक पुतण्यानं मागून घेतली, का ते त्यालाच ठाऊक.

असो. लांबलं बरंच. ज्यांना चिखलात बग्गी चालवायची आहे त्यांनी फोम आणि लांब दाण्यांचे टायर एवढं तरी कराच. आणि आधी त्या गावातल्या कुणाला तरी विचारा की इथली माती कशी आहे. टायरच्या खाचांमधे अजून अनसिंगची माती आहे. तीनदा धुतलं तरी निघत नाहीये.